रस्ता बंद असेल, तर थांबून पाहा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुटीत परक्या शहरात जावे आणि नेमके त्याच दिवशी ‘ट्रायथलॉनमुळे रस्ते बंद’ (ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशी सलग शर्यत) असे फलक लागलेले असावेत, म्हणजे बहुतेक पर्यटकांचा विरस होतो. बस भलत्याच रस्त्याने वळवलेली, संग्रहालय कठड्यांच्या पलीकडे, आणि एका दिवसात सारे शहर उरकण्याचा बेत फिसकटलेला. अशा मंडळींना मला आपल्या सदरातून आग्रहाने सांगायचे आहे, की हातातली यादी खिशात ठेवा आणि कठड्याला टेकून उभे राहा. शहर बघायला इतका चांगला दिवस पुन्हा मिळायचा नाही.

एक तर मार्ग आखताना शहरातले सगळ्यात देखणे तेच निवडलेले असते. २००० साली सिडनीत ट्रायथलॉन पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली, तेव्हा पोहण्याचा टप्पा ऑपेरा हाऊसच्या शेजारच्या पाण्यात होता. २०१२ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमधल्या तळ्यातून निघालेले खेळाडू सायकलवरून बकिंगहॅम राजवाड्याकडे गेले. आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये तर सोनेरी पुतळ्यांच्या अलेक्झांडर पुलापाशी थेट सेन नदीतच उड्या पडल्या. याच सेनमध्ये पोहायला १९२३ पासून बंदी होती. पाणी पुरेसे स्वच्छ नाही म्हणून पुरुषांची शर्यत एक दिवस पुढे ढकलावी लागली, पण झाली!

मी ही मजा अनुभवली ती जर्मनीतल्या हॅम्बुर्गला, जुलै महिन्यात. तिथली आल्स्टर मुळात नदी, पण बांध घातल्यामुळे भर शहरात तिचे तळे झाले आहे. स्पर्धक त्या तळ्यात पोहतात, पुलाखालच्या अंधाऱ्या बोगद्यातून पलीकडे जातात आणि सगळे संपवून नगरभवनासमोरच्या चौकात शेवटची रेषा ओलांडतात. एरवी त्या नगरभवनाचा ११२ मीटरचा मनोरा कसाबसा फोटोत बसवला, की पर्यटक पुढच्या ठिकाणाकडे पळतो. मी मात्र सकाळभर तिथेच उभी होते. सायकली पुन्हा येईपर्यंत करायचे काय, म्हणून वर बघत राहिले आणि खिडक्यांच्या मधल्या जागेत उभे असलेले जुन्या सम्राटांचे पुतळे एकेक करून दिसू लागले. शेजारच्या आजींनी माहिती पुरवली, की आल्स्टरमधल्या हंसांना दर हिवाळ्यात दुसऱ्या तळ्यात हलवतात आणि त्यांची काळजी घ्यायला शहराने खास माणूस नेमलेला आहे. बसमधून शहर पाहिले असते, तर या आजी भेटल्या नसत्या.

आता प्रत्यक्ष शर्यतीबद्दल. प्रमाण अंतर ठरलेले आहे: दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणे. पोहताना काठावरून रंगीत टोप्या, फेस आणि वर येणारे हात एवढेच दिसते. कोण पुढे, कोण मागे, हे ध्वनिवर्धकावरून ऐकून घ्यायचे.

खरी बघण्याची जागा म्हणजे ट्रान्झिशन, जिथे पाण्यातून आलेला माणूस सायकल घेतो. चांगली जागा हवी तर तिथे लवकर पोहोचा. तिथली तारांबळ बघून माणसाचे मन हरखून जाते. ओला, घट्ट पोहण्याचा पोशाख घोट्यापाशी अडकलेला असतो आणि एरवी मोठ्या रुबाबाने वावरणारा गृहस्थ एका पायावर उड्या मारत तो ओढत असतो. पाण्याने बधिर झालेल्या बोटांना हेल्मेटचा बकल लागत नाही, आणि तो लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, असा कडक नियम आहे. बूट आधीच पेडलला जोडून ठेवलेले असतात. ते खाली लोंबकळू नयेत म्हणून बारीक रबरबँडने सायकलला बांधलेले. स्पर्धक अनवाणी धावत सायकल रेषेपलीकडे नेतो, उडी मारून बसतो, पेडल फिरते, रबरबँड तटकन तुटतो आणि चालत्या सायकलवर पाय बुटात सरकतो. हे सगळे काही सेकंदांत! मी तर कितीतरी वेळ फक्त पायांकडेच बघत होते.

सायकलचा टप्पा शहरात फेऱ्यांचा असतो, त्यामुळे तेच चेहरे पुन:पुन्हा समोरून जातात आणि थोड्या वेळाने आपली त्यांच्याशी ओळख झाल्यासारखी वाटते. कठड्यापाशी उभ्या असलेल्या कुटुंबांची मात्र पंचाईत होते, कारण हेल्मेट आणि गॉगल घातले की सगळे एकसारखेच. दोन मुले प्रत्येक निळ्या हेल्मेटला ‘पापा, पापा’ अशा हाका मारत होती, आणि जाणारा प्रत्येक जण आनंदाने हात हलवत होता. खरे पापा आले, तेव्हा दोघे खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते.

धावण्याच्या टप्प्यात चुरस असते, हे खरेच. लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्वित्झर्लंडची निकोला स्पिरिग आणि स्वीडनची लिसा नॉर्डेन या दोघींची वेळ एकच लागली, १ तास ५९ मिनिटे ४८ सेकंद, आणि सुवर्णपदक छायाचित्र पाहून स्पिरिगला द्यावे लागले. पण शहरातल्या स्पर्धांत अव्वल खेळाडूंखेरीज हौशी माणसे हजारोंनी उतरतात, आणि माझा जीव गुंतला तो त्यांच्यात. पांढऱ्या केसांच्या एक बाई शांतपणे तरण्याताठ्या मुलांना मागे टाकत गेल्या, तेव्हा अख्ख्या चौकाने टाळ्या वाजवल्या. विजेत्यांना जेवढ्या मिळाल्या, त्याहून जास्त.

रस्ता ओलांडायचा असेल, तर मात्र स्वयंसेवक खूण करतील तिथूनच ओलांडा. वेगात येणाऱ्या सायकलच्या आडवे जाणे दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. पर्यटन पुरवणीत एखाद्या शहराची माहिती देताना संग्रहालयांच्या वेळांबरोबर तिथल्या ट्रायथलॉनचा महिना आणि मार्गही द्यावा, म्हणजे वाचकांना सहलीच्या तारखा त्याप्रमाणे ठरवता येतील. आणि क्रीडा पानावर अशा स्पर्धेची बातमी येईल, तेव्हा विजेत्याच्या वेळेखाली सर्वांत शेवटी आलेल्या स्पर्धकाचीही वेळ छापावी.

आपली,
एक नियमित वाचक