मेल ॲडमिन मॅडम, थंडरबर्ड चालू आहे

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

कंपनीचा मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आणि टेबलावरच्या मशिनात लिनक्स, अशा ठिकाणी कुणी ‘आम्हाला थंडरबर्ड (मेल वाचायचा-पाठवायचा मोफत प्रोग्राम) जोडून द्या’ म्हटलं की बहुतेक आयटी विभाग एका ओळीत विषय मिटवतात: सपोर्टेड नाही, तिकीट (म्हणजे तक्रारीची नोंद) बंद. तुम्ही तिकीट उघडं ठेवलंत आणि उलट विचारलंत, ‘एरर काय येते? शब्द न शब्द पाठवा. “चालत नाही” एवढ्यावर मला काही करता येत नाही.’ आभार तिथूनच सुरू होतात. हे पत्र उघड लिहितोय, कारण दुसऱ्या एखाद्या कंपनीत कुणी असाच अडकला असेल, तर त्याला हे आपल्या ॲडमिनपुढे ठेवता येईल.

सेटिंग्ज तुम्ही अर्ध्या पानात बसवल्या होत्या. येणाऱ्या मेलसाठी आयमॅप, सर्व्हर आउटलुक डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम, पोर्ट ९९३, एसएसएल/टीएलएस. जाणाऱ्या मेलसाठी एसएमटीपी डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम, पोर्ट ५८७, स्टार्टटीएलएस. दोन्हीकडे ओळख पटवण्याची पद्धत ओऑथ२ (पासवर्डऐवजी टोकनवर चालणारी), आणि दोन्हीकडे युजरनेम म्हणजे पूर्ण मेल पत्ता. या ‘दोन्हीकडे’खाली तुम्ही दोन रेघा मारल्या होत्या. थंडरबर्डमध्ये एसएमटीपीची सेटिंग अकाउंट सेटिंग्जच्या यादीत अगदी तळाला, वेगळी असते. माणूस वर आयमॅपला ओऑथ२ लावतो, इनबॉक्स भरताना पाहून खूश होतो आणि तळाशी ‘नॉर्मल पासवर्ड’ तसाच राहतो. मग ‘मेल येतात पण जात नाहीत’ ही तक्रार. यातली निम्मी तिकिटं त्या रेघांनी वाचली असतील.

‘नॉर्मल पासवर्ड’ का चालत नाही, हेही तुम्ही सांगितलंत. नुसता पासवर्ड पाठवून आयमॅपमध्ये शिरण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून काढून घ्यायला सुरुवात केली. आता पासवर्ड थंडरबर्डच्या हातात जातच नाही. मायक्रोसॉफ्टचं साइन-इन पान एका छोट्या खिडकीत उघडतं, तिथे पासवर्ड आणि मोबाइलवरचा कोड द्यायचा, आणि थंडरबर्डला मिळतं ते फक्त टोकन, म्हणजे एक प्रवेश-पास. हे ज्याला माहीत नसतं तो पासवर्ड चुकला असं समजून पुन्हा पुन्हा टाकतो, मग बदलतो, मग खातं लॉक होतं. आणि ती खिडकी पांढरी राहिली किंवा फिरून फिरून त्याच पानावर आली, तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का ते आधी बघा, हा तुमचा सल्ला. बाहेरचं काही लोड होऊ नये म्हणून कुकीज बंद करणारे सावध लोक नेमके इथे अडकतात.

पण तुमचं खरं काम त्या खिडकीच्या पलीकडे होतं. पासवर्ड बरोबर, कोड बरोबर, आणि समोर पाटी: ‘नीड ॲडमिन अप्रूव्हल’. वापरणाऱ्याच्या हातात इथे काहीही नसतं, मशीन फॉरमॅट करा नाहीतर थंडरबर्ड दहा वेळा टाका. बाहेरच्या ॲपला कंपनीच्या वतीने कुणीतरी संमती द्यावी लागते, आणि ती द्यायचा अधिकार ॲडमिनचा. यातही एक मेख आहे. एंट्रा आयडीच्या (कंपनीची खाती आणि साइन-इन सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) ‘एंटरप्राइझ ॲप्लिकेशन्स’ यादीत थंडरबर्ड आधीपासून नसतं, म्हणून शोधणाऱ्या ॲडमिनला ते सापडत नाही आणि तो ‘आमच्याकडे हे ॲपच नाही’ म्हणून मोकळा होतो. तुम्ही एकदा स्वतःच्या ॲडमिन खात्याने थंडरबर्डमधून साइन-इन केलंत, संमती दिलीत, तेव्हा ते यादीत उतरलं. मग ‘असाइनमेंट रिक्वायर्ड’ चालू करून ज्यांना हवं त्यांचाच गट त्यात घातलात. सगळ्या कंपनीला दार उघडं टाकलं नाहीत, हे आम्हालाही पटलं.

सुरक्षेच्या बैठकीत आलेल्या शंकेला तुम्ही दिलेलं उत्तर इथे मुद्दाम नोंदवतो. शंका अशी की, हे बाहेरचं ॲप सगळ्यांचे मेल वाचेल. तुम्ही संमतीचं पान स्क्रीनवर लावून ओळी वाचून दाखवल्यात: आयमॅपने मेलबॉक्स उघडणं, एसएमटीपीने पाठवणं, आणि टोकन नव्याने घेता यावं म्हणून ऑफलाइन प्रवेश. प्रत्येक ओळीसमोर प्रकार ‘डेलिगेटेड’. म्हणजे ज्या माणसाने साइन-इन केलं त्याला जे दिसतं तेवढंच त्या ॲपला दिसणार. ‘ॲप्लिकेशन’ प्रकारची, म्हणजे कुणी साइन-इन न करताही ॲपला मेलबॉक्स उघडू देणारी परवानगी असती तर काळजी रास्त होती. चर्चा तिथेच संपली. एरवी असल्या बैठका दोन-दोन तास चालतात.

त्यानंतरची अडचण सर्वांत फसवी. साइन-इन झालं, संमती झाली, तरी थंडरबर्ड म्हणतं: ‘यूजर इज ऑथेंटिकेटेड बट नॉट कनेक्टेड’. ओळख पटली, पण आत घेत नाही. तुम्ही एंट्राचा साइन-इन लॉग उघडलात, ॲपच्या नावाने गाळलात, आणि तिथे ‘सक्सेस’ दिसल्यावर म्हणालात, ‘आता इथे शोधण्यात अर्थ नाही, पुढचं दार बंद आहे.’ ही एक युक्ती शिकलो ती कायमची. लॉगमध्ये ६५००१ किंवा ९००९४ असेल तर संमती राहिलीय. ५३००३ असेल तर कंडिशनल ॲक्सेसच्या (कोण, कुठून, कोणत्या मशिनवरून आत येऊ शकतो हे ठरवणाऱ्या) नियमाने अडवलंय. लॉग हिरवा असूनही मेल येत नसेल, तर गडबड मेलबॉक्सवर आहे.

मेलबॉक्सवर दोनच गोष्टी तपासायच्या. एक, ॲडमिन सेंटरमध्ये त्या माणसाच्या नावावर जाऊन ‘मेल’ टॅब, ‘मॅनेज ईमेल ॲप्स’, तिथे आयमॅपला टिक आहे का. बऱ्याच कंपन्या नवीन खातं करतानाच ती काढून टाकतात. दोन, युजरनेममध्ये लिहिलेला पत्ता साइन-इनचाच आहे का. लग्नानंतर आडनाव बदललेल्या, किंवा कंपनीचं डोमेन बदलल्यावर जुना पत्ता टोपणनाव म्हणून राहिलेल्या लोकांच्या बाबतीत कार्डावरचा पत्ता एक आणि साइन-इनचा पत्ता दुसरा असतो. टोकन एकाचं, मेलबॉक्स मागितला दुसऱ्याचा. सर्व्हर तरी काय करणार? अशा वेळी युजरनेममध्ये साइन-इनचा पत्ता आणि ओळखीच्या रकान्यात कार्डावरचा, एवढा बदल पुरतो.

त्याच ‘मॅनेज ईमेल ॲप्स’मध्ये ‘ऑथेंटिकेटेड एसएमटीपी’ची वेगळी टिक असते. ती नसेल तर पाठवताना ५३५ ५.७.१३९ येतं आणि पुढे स्वच्छ लिहिलेलं असतं की एसएमटीपी ऑथेंटिकेशन बंद आहे. लोक तो आकडा पाहून घाबरतात आणि पुढचं वाक्य वाचतच नाहीत. तुम्ही संपूर्ण कंपनीसाठी ते बंदच ठेवलंत आणि गटातल्या मेलबॉक्सना तेवढं उघडलंत. टिक लावल्या लावल्या लागू होत नाही, थोडा वेळ जातो. तेवढ्यात सेटिंग्ज उलटसुलट करू नका, चहा घेऊन या, हेही तुमचंच.

सामायिक मेलबॉक्स, म्हणजे अकाउंट्सचा किंवा सेल्सचा, थंडरबर्डमध्ये जोडता येत नाही अशी सगळ्यांची समजूत होती. येतो. नवीन खातं करायचं, आयमॅपच्या युजरनेममध्ये सामायिक पत्ता लिहायचा, आणि साइन-इनची खिडकी त्या पत्त्याचा पासवर्ड मागायला लागली की ‘दुसऱ्या खात्याने साइन-इन करा’ निवडून स्वतःचं नाव-पासवर्ड द्यायचा. मेलबॉक्सवर ‘फुल ॲक्सेस’ हवा. पाठवायला मात्र एसएमटीपी स्वतःच्या खात्याचंच वापरायचं आणि ॲडमिनकडून ‘सेंड ॲज’ घ्यायचं. ते राहिलं तर या नावाने पाठवायची परवानगी नाही अशी एरर देऊन सर्व्हर मेल नाकारतो.

जोडण्यांचा हिशेब तुम्ही एका वाक्यात सांगितला होतात: थंडरबर्ड एका खात्याला पाच जोडण्या उघडून ठेवतं, ऑफिसचं मशीन, घरचा लॅपटॉप आणि फोन मिळून आकडा वाढला की सर्व्हर नवी जोडणी नाकारतो, तेव्हा ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये पाचाचे दोन करा. आणि मोठ्या फाइली: पाठवण्याची मूळ मर्यादा ३५ एमबी असली तरी मेलमध्ये घालताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून २५ एमबीच्या पुढे गेलात की लिंक पाठवा.

आता कॅलेंडर. आयमॅपला कॅलेंडर कळत नाही, त्यामुळे मीटिंगचं बोलावणं थंडरबर्डमध्ये वेब आउटलुकची नुसती लिंक बनून येत होतं. तुम्ही पॉवरशेलमध्ये (आज्ञा टाइप करून सर्व्हर हाताळायचं साधन) सेट-कॅसमेलबॉक्स या आज्ञेत आयमॅप-फोर्स-आयकॅल-फॉर-कॅलेंडर-रिट्रीव्हल-ऑप्शन ‘ट्रू’ केलंत. त्याबरोबर आयमॅपची नेहमीची ठरीव मांडणी न वापरण्याचा पर्यायही लावावा लागतो, तो राहिला की पहिली आज्ञा मुकाट वाया जाते. बोलावणं आता थंडरबर्डच्या स्वीकारा-नाकारा बटणांसह येतं. इतकी आडबाजूची सेटिंग कुणी चार मशिनांसाठी शोधून काढेल असं वाटलं नव्हतं, मॅडम. याबद्दल वेगळे आभार.

पूर्ण कॅलेंडर ज्यांना लागतंच, त्यांच्यासाठी तुम्ही डेव्हमेलला परवानगी दिलीत. हा जावात लिहिलेला मुक्त दुभाषी आहे: एका बाजूने एक्सचेंजशी (मायक्रोसॉफ्टचा मेल-कॅलेंडर सर्व्हर) त्याच्या ईडब्ल्यूएस, म्हणजे एक्सचेंज वेब सर्व्हिसेस या भाषेत बोलतो, दुसऱ्या बाजूने थंडरबर्डला मेलसाठी साधा आयमॅप आणि कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह सर्व्हर वाटतो. आयमॅप ११४३, एसएमटीपी १०२५, कॅलडॅव्ह १०८०, पत्त्यांसाठी एलडॅप १३८९, सगळं आपल्याच मशिनवर. त्यामुळे थंडरबर्डमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन) या नावासमोर ‘एन्क्रिप्शन नाही’ लिहिलेलं पाहून दचकायचं कारण नाही. मशिनबाहेर जाणारी वाट एचटीटीपीएसचीच आहे. यालाही वेगळी संमती लागते.

डेव्हमेलमध्ये लोक तीन ठिकाणी ठेचकाळतात. मॅन्युअल पद्धतीत साइन-इन झाल्यावर ब्राउझर कोरं पान दाखवतो आणि माणूस ते बंद करून टाकतो. खरं तर त्या कोऱ्या पानाच्या ॲड्रेस बारमध्येच कोड असतो, तो अख्खा पत्ता उचलून डेव्हमेलच्या खिडकीत टाकायचा. दुसरं, टोकन जपून ठेवायची सोय चालू असेल तर थंडरबर्डमध्ये दिलेला पासवर्ड टोकन कुलूपबंद करायला वापरला जातो, म्हणून आयमॅप, एसएमटीपी आणि कॅलेंडर तिन्हीकडे तोच द्या, नाहीतर पुन्हा पुन्हा साइन-इन. तिसरं, ‘सेंट’मध्ये प्रत्येक मेल दोनदा दिसतो, कारण डेव्हमेल स्वतः प्रत ठेवतो आणि थंडरबर्डही ठेवतं. थंडरबर्डच्या ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मधली पहिली टिक काढली की काम झालं.

डेव्हमेलच्या या ईडब्ल्यूएस वाटेची मुदत संपत आलीय हे तुम्ही परवानगी देतानाच सांगितलं होतंत. क्लाउडमधल्या एक्सचेंजवर बाहेरच्या ॲप्ससाठी ईडब्ल्यूएस ऑक्टोबर २०२६ पासून बंद करायला घेणार असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय. म्हणूनच नोव्हेंबर २०२५ च्या १४५ व्या आवृत्तीत थंडरबर्डने स्वतःहून एक्सचेंज जोडायची सोय दिली, तेव्हा तुम्ही सगळ्यांना तिकडे वळवलं नाहीत. ती सोयही तेव्हा ईडब्ल्यूएसवरच उभी होती, आणि तिच्यात मेल होता, कॅलेंडर नव्हतं. कंपनीच्या स्वतःच्या खोलीत एक्सचेंज सर्व्हर असता तर हिशेब वेगळा होता. आपल्यासाठी आयमॅप आणि ओऑथ२ हीच टिकाऊ जोडी, हे तुमचं मत आम्हाला पटलेलं आहे.

आणि एका ठिकाणी तुम्ही ‘नाही’ म्हणालात, त्याचेही आभार. ज्या लॅपटॉपवर ‘मशीन नोंदणीकृत असलंच पाहिजे’ हा कंडिशनल ॲक्सेसचा नियम लागू आहे, तिथे थंडरबर्ड चालणार नाही. त्याची साइन-इनची खिडकी त्याची स्वतःची असते, ती मशिनची ओळख मायक्रोसॉफ्टपर्यंत पोचवत नाही, त्यामुळे नोंदलेलं मशीनही अनोळखी ठरतं. नियमाला भोक पाडण्यापेक्षा त्या लोकांनी ब्राउझरमधलं आउटलुक वापरावं, असं तुम्ही कारणासकट लिहिलंत. कारण कळलं की ‘नाही’ झोंबत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपले,
थंडरबर्डवाले सगळे

ता.क. पासवर्ड बदलल्यावर ज्यांची साइन-इन खिडकी अडकून बसते, त्यांच्यासाठीची तुमची चिठ्ठी आता भिंतीवर लावलीय: प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सेव्ह्ड पासवर्ड्स, त्यात ‘ओऑथ’ने सुरू होणाऱ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या लॉगिनच्या ओळी पुसायच्या, थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडायचं. खातं पुसायचं नाही.