बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या) प्लायवूडचे थर सुटल्याबाबत व तपासणी न करताच तक्रार बंद केल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
मुख्य कार्यालय.

महोदय,

माझी तक्रार ‘वापरातील दोष’ असा शेरा मारून बंद करण्यात आली आहे, असे आपल्या ग्राहक सेवा केंद्राने मला काल फोनवर कळवले. हा शेरा कोणी मारला, कशाच्या आधारे मारला आणि त्यापूर्वी फळीची जाडी, ओलावा किंवा चिकटपणा यांपैकी नेमके काय मोजले, असे मी विचारले. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर केंद्राकडे नव्हते, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे.

बेळगावातील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून मी आपल्या कंपनीच्या १९ मिलिमीटर जाडीच्या, आठ बाय चार फुटी बीडब्ल्यूपी प्लायवूडच्या तीन शीट घेतल्या. प्रत्येक शीटवर आयएसआय चिन्ह, आयएस ७१० हा मानक क्रमांक आणि परवाना क्रमांक छापलेला आहे. बिल पक्के असून वॉरंटी कार्डावर २५ वर्षांची हमी आहे. या शीट मी बैठकीच्या खोलीतील कपाटासाठी घेतल्या. सात फूट लांबीच्या या कपाटात मध्ये टीव्ही, त्याखाली अ‍ॅम्प्लिफायर व सेट टॉप बॉक्स आणि दोन्ही बाजूंना वडिलांनी जमवलेल्या नाट्यसंगीताच्या व ख्यालगायनाच्या रेकॉर्डी, अशी मांडणी आहे. बारा इंची रेकॉर्डचे पाकीट साधारण ३१५ मिलिमीटरचे असते, म्हणून खणांची आतली उंची मी ३४० ठेवली. रेकॉर्डी उभ्याच ठेवाव्या लागतात आणि भरलेल्या खणाचे वजन चांगलेच असते, म्हणून प्रत्येक खणाला मधोमध उभी फळी दिली. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे हवा खेळावी म्हणून पाठीमागच्या फळीला झरोके ठेवले. दर्शनी चौकट एका जुन्या घराच्या सागवानाची आहे. एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, आपल्या प्रतिनिधीने हे कपाट न पाहताच त्याच्या बनावटीवर मत दिले आहे.

माझे आयुष्य उद्यमबागेतील फाउंड्रीत लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा घडवण्यासाठी लागणारे नमुने, बनवण्यात गेले. बिडाचे ओतकाम थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसते आणि पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो. तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी माल परत येतो. त्यामुळे शीट घरी आल्या त्याच दिवशी मी त्यांना व्हर्निअर, म्हणजे जाडी अचूक मोजण्याचे साधन, लावला. एका शीटची जाडी एका टोकाला १८.२ तर दुसऱ्या टोकाला १७.४ मिलिमीटर भरली. १९ मिलिमीटरच्या शीटला मानकाप्रमाणे पाच टक्क्यांची सूट धरली, तरी जाडी १८.०५ च्या खाली जाऊ नये. हे मी विक्रेत्याला लगेच सांगितले. त्याने माझ्यासमोर आपल्या विक्री प्रतिनिधीला फोन लावला आणि ‘दोन्ही बाजूंनी सनमायका बसला की भरून निघते’ असे उत्तर मिळाले. जाडी कमी असल्याचे कंपनीला पहिल्याच दिवसापासून ठाऊक होते, हे कृपया ध्यानात घ्यावे. एकाच फळीची जाडी दोन टोकांना वेगळी असल्यामुळे खाच एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल होत होती, आणि ती सारखी करण्यासाठी मला प्रत्येक खणात सागवानाच्या पातळ चिपा भराव्या लागल्या.

कपाट उन्हाळ्यात पूर्ण झाले. पाऊस सुरू झाल्यावर अ‍ॅम्प्लिफायरच्या खणाची आडवी फळी कडेला फुगली. सागवानी पट्टी काढून पाहिले तेव्हा वरचे दोन थर सुटलेले होते आणि त्यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट होती. त्यानंतर रेकॉर्डींच्या खणातील उभ्या फळीचेही तेच झाले. आतल्या थरांत जोडावर तुकडे एकमेकांवर चढलेले आहेत आणि काही ठिकाणी बोटभर पोकळी आहे. चिकटवण्याची रेषा पांढुरकी दिसते. बीडब्ल्यूपीसाठी वापरायच्या फिनॉल फॉर्मल्डिहाइड या चिकटद्रव्याची रेषा गडद तपकिरी असते, हे आपल्या कारखान्यातील कोणीही सांगेल. केवळ रंगावरून निकाल देता येत नाही हे मी जाणतो, आणि म्हणूनच प्रयोगशाळेतील तपासणीची मागणी सुरुवातीपासून करत आहे.

आयएस ७१० प्रमाणे या प्लायवूडचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात राहिला तरी त्याचे थर सुटता कामा नयेत. त्याच शीटचा उरलेला तुकडा मी परसात पाणी उकळून त्यात ठेवला. संध्याकाळी ठेवलेल्या त्या तुकड्याचे थर रात्रीच्या जेवणाच्या आत बोटाने वेगळे झाले. त्याचे चित्रीकरण मी आपल्याकडे पाठवले आहे.

पुष्कळ पाठपुराव्यानंतर हुबळीहून आपला प्रतिनिधी घरी आला. त्याच्याकडे व्हर्निअर नव्हता, ओलावा मोजण्याचे यंत्र नव्हते, साधी मोजपट्टीसुद्धा नव्हती. त्याने बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली, मोबाइलवर छायाचित्रे घेतली आणि ‘बेळगावला पाऊस फार, हवा दमट’ असे म्हणाला. मी माझा व्हर्निअर पुढे केला, तो त्याने हातातही घेतला नाही. कपाट उघडून आतला खण न पाहता तो निघून गेला. आमच्याकडे पाऊस भरपूर पडतो हे मला माहीत आहे, आणि त्याच कारणासाठी मी साधी एमआर (फक्त ओलावा सोसणारी) प्लाय न घेता जास्त पैसे मोजून बीडब्ल्यूपी घेतली. त्याच खोलीत, त्याच कपाटात, त्याच दमट हवेत असलेले सागवान तसूभर हललेले नाही, आणि पाठीमागे लावलेली दुसऱ्या कंपनीची जुनी ९ मिलिमीटरची प्लायही शाबूत आहे. पावसाने फक्त आपल्याच शीट निवडल्या, असे आपल्या कंपनीचे म्हणणे आहे काय?

आता कालच्या संभाषणाविषयी लिहितो, कारण त्यातील अपमान मी विसरू शकत नाही. पलीकडच्या व्यक्तीने पहिला प्रश्न विचारला, ‘काका, कपाट सुताराने केले की तुम्ही स्वतः ठोकले?’ मी स्वतः केले, असे सांगितले. ‘मग वॉरंटी लागू होत नाही.’ असे कार्डावर कोठे छापले आहे, असे मी विचारले. ‘कार्डावर सगळेच नसते, काका.’ मी शांतपणे थर सुटल्याचे, जाडी कमी असल्याचे आणि उकळण्याच्या परीक्षेचे सांगितले. त्यावर उत्तर आले, ‘प्लाय घरी उकळायला तुम्हाला कोणी सांगितले?’ महोदय, आपल्या कंपनीच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर उकळत्या पाण्यात ठेवलेल्या शीटचे चित्र आहे, आणि मला सांगितले ते त्या चित्राने. मी हे बोलून दाखवले तेव्हा ‘ती जाहिरात असते’ असे उत्तर मिळाले. नंतर कारण बदलले आणि टीव्हीच्या व अ‍ॅम्प्लिफायरच्या उष्णतेने थर सुटले असावेत, असे ठरले. फिनॉल फॉर्मल्डिहाइड १४० अंश सेल्सिअसच्या आसपास हॉट प्रेसमध्ये पक्के होते. अ‍ॅम्प्लिफायरच्या उबेने ते सुटते, असे प्लायवूड विकणाऱ्या कंपनीने ग्राहकाला सांगावे, याचे मला मनस्वी दुःख झाले. शेवटी ती व्यक्ती म्हणाली, ‘काका, या वयात हा खटाटोप कशाला? ऑनलाइन तयार टीव्ही युनिट स्वस्तात मिळतात.’ मला सल्ला नको होता. मला फळीची तपासणी हवी होती. आपल्या माणसांनी फळी तपासली नाही, माझे वय मात्र तपासले.

यापूर्वीचे फोनही असेच गेले. बेळगाव कर्नाटकात असल्यामुळे हुबळी शाखेशी बोला, असे कोल्हापूर शाखेने सांगितले. माल कोल्हापूरच्या गोदामातून आल्यामुळे कोल्हापूरशी बोला, असे हुबळी शाखेने सांगितले. मी एकीकडे मराठीत आणि दुसरीकडे कन्नडमध्ये तीच हकीकत सांगितली. विक्रेत्याने दिलेल्या माझ्या बिलावर केंद्राचा ९ टक्के आणि राज्याचा ९ टक्के जीएसटी स्वतंत्र दाखवला आहे, म्हणजे विक्री कर्नाटकात झाली आहे. गोदाम कोणत्या राज्यात आहे, हा आपल्या कंपनीचा अंतर्गत प्रश्न आहे. सीमाभागातील माणसाला दोन शाखांच्या मध्ये उभे करून थकवण्याचा प्रकार थांबला पाहिजे.

फाउंड्रीत असताना पॅटर्नच्या पाट्यांसाठी आम्ही आपल्याच कंपनीची प्लाय आग्रहाने मागवत होतो. ओल्या वाळूत रोज काम करूनही त्या पाट्या टिकत. त्या विश्वासावर मी शहापूर आणि वडगावातील कित्येक सुतारांना आपले नाव सुचवले. आता हेच कपाट मी त्यांना बोलावून दाखवले आहे आणि त्यांनी स्वतःच्या बोटांनी थर सोलून पाहिले आहेत.

तीनही शीटची किंमत, सनमायका व सागवानी पट्ट्यांचा खर्च आणि कपाट उकलून पुन्हा बांधण्याची मजुरी मला मिळाली पाहिजे. केवळ नव्या शीट देऊन विषय संपणार नाही, कारण फुगलेल्या फळीबरोबर तिच्यावरचे सगळे काम वाया गेले आहे. परवाना क्रमांक दिसेल असा उरलेला मोठा तुकडा मी जपून ठेवला आहे. त्याचे दोन भाग करून दोघांच्या सह्यांनिशी मोहोरबंद करावेत, एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जावा, दुसरा माझ्याकडे राहावा, आणि तपासणीचा खर्च कंपनीने करावा. ‘वापरातील दोष’ हा शेरा लेखी मागे घ्यावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आयएसआय चिन्हाच्या वापराबाबत बीआयएस केअर अ‍ॅपवरून भारतीय मानक ब्यूरोला कळवीन आणि बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करीन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे कोल्हापूर की हुबळी हा वाद तेथे चालणार नाही. दोन वर्षांची मुदत संपायला अजून पुष्कळ अवकाश आहे आणि माझ्याकडे वेळही आहे.

बिलाची व वॉरंटी कार्डाची प्रत, तसेच व्हर्निअर लावलेल्या फळीची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. रेकॉर्डी काढून मी पलंगाखाली खोक्यांत ठेवल्या आहेत आणि कपाट आहे तसेच ठेवले आहे. तपासणीला जो कोणी येईल त्याने येताना व्हर्निअर आणि ओलावामापक घेऊन यावे आणि मोजलेले आकडे माझ्यासमोर लिहून सही करावी.

आपला ग्राहक,
टिळकवाडी, बेळगाव