काच्चुक्को शिकलेल्या मुलीचं आई-बाबांना पत्र

लिवोर्नो, इटली,
जुलैचा दुसरा आठवडा

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

मुख्य ते आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना आईचा जीव टांगणीला लागायला नको. मी ठणठणीत आहे. कुणाशी भांडलेले नाही, परस्पर लग्न वगैरे केलेलं नाही. कंटेनर कंपनीतली नोकरी मात्र सोडली आणि बंदराजवळच्या एका खाणावळीच्या स्वयंपाकघरात कायमची लागले. करारावर सही झाली आहे. त्यामुळे गणपतीला येता येणार नाही. तुळशीच्या लग्नाला येतेय, तिकीट काढून ठेवलंय.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा "बरं" म्हणून फोन आईकडे देतात, आई रडायला लागते आणि माझं सांगायचं अर्धं पोटातच राहतं. पत्र निदान शेवटपर्यंत वाचाल.

खाणावळ हा शब्द आपल्या घरात काढायचा नाही, हे मला कळतं. पण बाबा, आबांचं जे झालं ते उधारीनं झालं, चुलीनं नाही. हे तुम्हीच सुधाआत्याला म्हणाला होतात, मी माजघरात जागी होते. आणि मी गल्ल्यावर बसत नाहीये, पगारी माणूस आहे. पगार ऑफिसपेक्षा थोडा कमी, ते लपवत नाही. पण इथे स्वयंपाक्यालाही देशभराचा सामूहिक करार लागू असतो. आठवड्याचे तास ठरलेले, सुट्टी ठरलेली, वर्षाला तेरावा पगार आणि आमच्या धंद्यात चौदावासुद्धा. युनियनमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला यापुढे मी काय पटवू? इटलीची कम्युनिस्ट पार्टी याच गावात जन्मली. 21 जानेवारी 1921 ला गोल्दोनी नाट्यगृहात समाजवाद्यांचं अधिवेशन चालू होतं, त्यातून एक गट उठला, चालत सान मार्को नाट्यगृहात गेला आणि तिथे नवा पक्ष काढला. तुम्हाला ही वाट एकदा चालून दाखवायचीय. गुडघे बरे झाले की.

शिक्षणाचं कर्ज फिटलंय. तुम्ही त्याला जामीन राहिलात आणि मग पिसा शहरात शिकून मी कांदे चिरतेय, असं गावात कुणी म्हणालं तर म्हणू दे. कांदे चिरत नाही, कारण आमच्या मालकीणबाईंच्या काच्चुक्कोत कांदा पडतच नाही.

काच्चुक्को म्हणजे इथलं माशांचं दाट, लाल कालवण. कमीत कमी पाच जातींची मासळी हवी, असा इथला दंडक. मूळची ही गरिबाघरची मासळी, ताटात मिरवणारी तर नाहीच. ऑक्टोपस, माकूल, मोरी, वाम, स्कॉर्फानो नावाचा लाल काटेरी मासा, वरून थोड्या शिंपल्या. हो आई, मोरी! तुझ्यासारखी तिखट-सुकी नाही करत, पण मोरी ती मोरीच. स्कॉर्फानोच्या पाठीवरच्या काट्यात विष असतं. जाड हातमोजे घालूनच साफ करते, उगाच काळजी करू नकोस.

बाजारात मालकीणबाई स्वतः जातात, हल्ली मलाही नेतात. इथला मोठा बाजार 1894 चा, कालव्याच्या काठावर, उंच खिडक्यांचा. बाई कल्ले उचलून बघतात, अंगावर बोट दाबून बघतात, भाव ऐकतात आणि पाठ फिरवून चार पावलं चालतात. ती चार पावलं मला कुणी शिकवावी लागली नाहीत. वेंगुर्ल्याच्या बाजारात तुझा पदर धरून ती मी चाललेली आहे.

आता कृती सांगते. तू विचारणारच, आणि बाबा विचारणार नाहीत पण ऐकतील. जाड बुडाच्या पातेल्यात ऑलिव्ह तेल, ठेचलेला लसूण, साल्व्हिया नावाच्या सुगंधी झुडपाची पानं, सुकी लाल मिरची. लसूण लाल होऊ द्यायचा नाही, झाला तर बाई सगळं फेकून देतात. त्यावर ऑक्टोपसचे तुकडे. तो आपलं गुलाबी पाणी सोडतो, ते आटेपर्यंत धीर धरायचा, मग माकूल. मग लाल वाइन. नाक मुरडू नकोस, झोंबणारा वास उडाल्याशिवाय टोमॅटो टाकत नाहीत. इथून उत्तरेला व्हियारेज्जो म्हणून गाव आहे, तिथे बरेचदा पांढरी वाइन घालतात आणि काटे काढून वाढतात. त्याबद्दल लिवोर्नोत काय बोललं जातं ते आई-वडिलांच्या पत्रात लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या पातेल्यात डोकी, शेपट्या आणि बारीक काटेरी मासे टोमॅटोत शिजतात. मग ते सगळं दांडा फिरवायच्या चाळणीतून गाळायचं. सुरुवातीला मला एवढंच काम होतं. दांडा सुलटा फिरवायचा, उलटा फिरवायचा, तळाशी चिकटलेले काटे खरवडायचे, पुन्हा फिरवायचा. खाली विटकरी रस पडतो आणि वर कोरडा भुसा उरतो. बाई त्यातली चिमूट घेऊन दोन बोटांत दाबतात. बोटं ओली झाली तर "परत". मी रडकुंडीला यायची. आता मी नव्या पोराला "परत" म्हणते.

तो रस ऑक्टोपसच्या पातेल्यात गेला की मग एकेक मासा, ज्याला वेळ जास्त लागतो तो आधी. शिंपल्या सगळ्यात शेवटी. आणि पळी घालायची नाही! पातेलं दोन्ही कानांनी धरून गोल हलवायचं. बाईंनी हे बजावलं तेव्हा मला हसू आलं, त्यांना वाटलं पोरगी उद्धट आहे. बांगड्याच्या तिखल्यात पळी घातली म्हणून तू दादाच्या पाठीत घातलेला धपाटा मी त्यांना कसा सांगणार?

खाली ताटलीत भाजलेल्या पावाचे तुकडे, त्यावर लसूण चोळलेला, वरून हे सगळं. बाबा, इथला पाव बिनमिठाचा असतो, अख्ख्या तोस्काना प्रांतात तसाच खातात आणि कुणाचं काही अडत नाही. काच्चुक्कोतही मीठ चव बघूनच, शेवटी, कारण ऑक्टोपसबरोबर समुद्र थोडा आलेलाच असतो. हे तुम्हाला का सांगतेय ते कळलंच असेल.

काच्चुक्कोची गोष्ट विचारली तर प्रत्येक जण वेगळी सांगतो. एक अशी, की कोळी वादळात गेला, घरात खायला काही नाही, पोरं शेजारीपाजारी फिरली आणि ज्यानं जो मासा दिला तो आईनं एका पातेल्यात टाकला. वास दरवळला तसे शेजारी कृती विचारायला आले. दुसरी दीपगृहाच्या राखणदाराची. तेल दिव्यासाठी, तेव्हा त्याला मासे तळायची बंदी, म्हणून त्यानं थेंबभर तेलात त्यांचं कालवणच केलं. ते जुनं दीपगृह माघार घेणाऱ्या जर्मनांनी 1944 ला उडवलं आणि 1956 ला पुन्हा उभं राहिलं, आमच्या रस्त्याच्या टोकाहून दिसतं. आईला पहिली गोष्ट आवडेल आणि बाबांना दुसरी, पैज लावते. मला विचाराल तर दोन्ही मागाहून रचलेल्या. दिवसभर विकून जे उरलं, चेपलं, ज्याला गिऱ्हाईक नाही ते कोळ्यानं घरी नेलं आणि बायकोनं शिजवलं. याला विधवा किंवा दिवा कशाला हवा? आपल्याकडे रोज हेच होतं आणि त्याची कुणी दंतकथा करत नाही.

पण गावाची गोष्ट मात्र खरी आहे आणि मला ती फार आवडते. हे काही पुरातन शहर नाही. तेव्हा इथे राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या फेर्दिनांदो पहिल्यानं 1591 ला आणि 1593 ला सनदा काढल्या: कुठल्याही देशाच्या व्यापाऱ्यानं यावं, राहावं, आपला धर्म पाळावा. ज्यू आले, ग्रीक आले, आर्मेनियन आले. इतर बऱ्याच शहरांत ज्यूंना वेगळ्या वस्तीत कोंडायचे, इथे तसं नव्हतं. म्हणजे इथला जवळपास प्रत्येक जण कुठून तरी आलेला. (सगळं गोड नव्हतं. त्याच फेर्दिनांदोच्या पुतळ्याच्या पायाशी चार गुलाम साखळदंडांत बसवलेत, येता-जाता दिसतात.) "परक्या गावात तुझं कोण?" असं आई विचारते, तेव्हा मला हे सांगायचं असतं.

आणि एक गंमत. अठराव्या शतकात इथले ज्यू व्यापारी भूमध्यातलं पोवळं लिस्बनमार्गे गोव्याला पाठवायचे आणि तिथले आपले कामत बदल्यात हिरे पाठवायचे. एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही, सगळा व्यवहार पोर्तुगीज पत्रांवर. आजीच्या मंगळसूत्रातलं पोवळं कुठलं ते देव जाणे, पण इथून गेलेलं नसेलच असं तूही सांगू शकणार नाहीस.

आई, लहानपणी ताप उतरला की तू आम्हाला मोरीच द्यायचीस, काटे नाहीत म्हणून. बाकी मासा असला की तू आधी बोटांनी चाचपून माझ्या भातावर ठेवायचीस आणि तुझा भात गार व्हायचा. अजूनही माशाचा पहिला घास घेतला की माझी जीभ आधी काटा शोधते. परवा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं नातवाच्या ताटलीतली मोरी अशीच चाचपली. मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले. तू जवळ हवी होतीस, बस्स.

बरं, माझी काळजी नको. खोली तीच आहे, तिसऱ्या मजल्यावरची, ऊन येणारी. थंडीत हीटर असतो. सरकारी दवाखान्यात नाव आहे, डॉक्टरीणबाई ठरलेल्या आहेत. जेवण कामावर दोन्ही वेळचं, ताजं, आणि उभ्यानं नाही, गिऱ्हाइकांच्या आधी सगळे एकत्र बसून जेवतो. सकाळी कधी चण्याच्या पिठाची भट्टीत भाजलेली पोळी पावात घालून मिरपूड भुरभुरून खाते, तुला आवडेल. उकडा तांदूळ मिळत नाही, बासमतीवर भागवते. तू दिलेली आमसुलं अजून आहेत, जपून वापरते. रात्री उशीर होतो, पण एकटी येत नाही. भांडी घासणारा बांगलादेशी मुलगा माझ्याच रस्त्यावर राहतो, दाराशी सोडून पुढे जातो. आणि उष्टी काढते असं मनात आणू नकोस. मी चुलीपाशी असते.

आता माझं ऐका. दोघांनीही.

बाबा, पावसाळा आहे, मासेमारी बंद, म्हणजे डबा उघडून सुका बांगडा भाजला जात असणार. बंद. अगदीच जीव गेला तर पंधरा दिवसांतून एखादा तुकडा, तोही भिजवून, पाणी फेकून. रक्तदाबाची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही, बरं वाटतं ते गोळीमुळेच. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला सांगून किती महिने झाले? दादाला पैसे पाठवलेत, त्याला विचारा. गणपतीवरची माटवी बांधायला स्टुलावर चढायचं नाही, शेजारची पोरं बोलवा, त्यांना लाडू द्या. आई, तू माळ्यावरची पितळेची भांडी काढायची नाहीस, या वर्षी स्टीलची चालतील, गणपती रागावत नाही. डोळ्यांची तारीख पुढे ढकलू नकोस, मी आल्यावर जाऊ असं म्हणू नकोस, दादाबरोबर आत्ताच जा.

जास्त बोलले असेन तर लेकीचं म्हणून सोडून द्या. तुमच्याजवळ राहून हे सांगायला हवं होतं, ते कळतं. पण दादा आहे, वहिनी आहे, आणि नोव्हेंबरात मी येऊन महिनाभर तुमची डोकी खाणारच आहे. तेव्हा मोरी आणून ठेवा. काच्चुक्को मी करीन, तिखलं आई करेल. दशावताराला आपण तिघं जाऊ, बाबांना खुर्ची लागेल तर मी वाहून नेईन.

उत्तर पत्रानंच पाठवा. राग आला असेल तर रागाचं पाठवा बाबा, पण दोन ओळी तुमच्या हाताच्या हव्यात, नुसतं आईच्या पत्राखाली "आशीर्वाद" नको. पत्ता पाकिटाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलाय, पोस्टात रजिस्टरनं टाका.

तुमची,
बाय