सिंहस्थ आपला, पुष्कर त्यांचं, नदी एकच, मग कचऱ्याचा करार पण एकच हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२७ ला नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ आहे हे आता रिक्षावाल्यापासून सगळ्यांना पाठ झालंय, पण त्याच वर्षी खाली आंध्रात राजमहेंद्रीला गोदावरी पुष्करम, म्हणजे त्यांचा गोदास्नानाचा मेळा, आहे हे आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे कुंभ आणि त्यांच्याकडे पुष्कर, २०१५ ला पण दोन्ही एकाच वर्षी झाले होते. तेलंगणात बासर, धर्मपुरी, काळेश्वरम, भद्राचलम इथेही तेव्हा स्नानाला तुफान गर्दी असते. म्हणजे १४६५ किलोमीटरची एकच नदी, उगमाला आपण आणि मुखाला ते, एकाच वर्षी एवढे लोक तिच्या काठावर येणार आणि या गर्दीचं प्लास्टिक पाण्यात जाऊ नये म्हणून महाराष्ट्र, तेलंगणा आणि आंध्र यांनी आत्तापासून एका टेबलावर बसायला हवं, यासाठी हे पत्र लिहितोय.

आम्ही पंचवटीतले, रोज गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) जाणं होतं, त्यामुळे कचरा नदीत कसा जातो ते डोळ्यासमोर असतं. लोक निर्माल्य पिशवीसकट टाकतात. कलश शेजारीच ठेवलेला असतो पण मनात असतं की देवाचं आहे, पाण्यातच गेलं पाहिजे. ती पिशवी गाठ मारलेली असते, आत फुलं, दुर्वा, नारळाची शेंडी, अगरबत्तीच्या पाकिटाची आतली चमकी, कापसाच्या वस्त्राचं प्लास्टिक. फुलं कुजतात, पिशवी नाही कुजत, ती पुढे तपोवनाकडे निघून जाते. त्यात नासर्डी आणि वाघाडी आपापला माल घेऊन येतात, त्या दोन नाल्यांत (नद्याच आहेत त्या, पण आपण त्यांचे नाले करून टाकलेत) दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, पार्सलचे काळे डबे असं सगळं असतं. पहिल्या मोठ्या पावसात हे सगळं एकदम गोदेत येतं.

खाली सायखेडा-चांदोरीकडे पाणवेलींचे गठ्ठे येऊन पुलाला अडकतात ते तुमच्या पेपरात फोटोसकट छापून येतं. ते गठ्ठे जेसीबीने काढताना जवळ उभं राहून बघा कधी, पाणवेलीच्या मुळांत बाटल्या, चपला, थर्माकोलचे द्रोण, सलाईनच्या नळ्या असं गुंतलेलं असतं की हाताने सुटत नाही. मग नांदूर मधमेश्वर, जे २०२० ला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा) झालं, जिथे बाहेरून लोक पक्षी बघायला येतात, ते आपल्या शहराच्या बरोबर खालच्या अंगाला आहे.

आणि सगळा दोष शहराला देऊन चालणार नाही, शेतातलं प्लास्टिक हा मोठा विषय आहे ज्यावर कोणी बोलत नाही. टोमॅटो, मिरची, कलिंगड सगळीकडे मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचं प्लास्टिक) आलाय, द्राक्षबागेवर प्लास्टिकचं कव्हर आलंय, ठिबकच्या नळ्या आहेतच. मल्चिंग पेपर पातळ असतो, सीझन संपला की तो ओढून काढताना फाटतो, चिंधड्या मातीत राहतात, बाकीचा गोळा करून बांधावर टाकतात किंवा ओढ्याच्या काठाला. शेतकऱ्याची पण चूक म्हणता येत नाही, भंगारवाला मातीने भरलेला पेपर घेत नाही आणि विकणारा परत न्यायला येत नाही, मग त्याने करायचं काय, जाळलं तर धूर आणि ठेवलं तर वारा नेतो. प्लास्टिकचं वेष्टन परत गोळा करायची जबाबदारी केंद्राच्या नियमात कंपन्यांवर आहे पण ती बांधापर्यंत पोचलेली नाही हे माझं ठाम मत आहे.

आता कोणी म्हणेल की मध्ये एवढी धरणं आहेत, जायकवाडी आहे, विष्णुपुरी आहे, श्रीरामसागर आहे, नाशिकची पिशवी समुद्रापर्यंत जाते कुठे. बरोबर आहे, सगळी नाही जात. पुष्कळ अडकते, गाळात बसते. पण जे उन्हात राहतं ते कडक होऊन तुटतं, तुकड्याचे तुकडे होतात, आणि पुराच्या वर्षी दारं उघडली की तेच बारीक तुकडे पाण्याबरोबर खाली. आणि नाशिकचं अडकलं तरी नांदेडचं आहे, मंचेरियालचं आहे, भद्राचलमचं आहे, प्रत्येक गाव थोडं थोडं देतंच. समुद्रात जाणाऱ्या नदीच्या प्लास्टिकवर २०२१ ला एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला, त्याच्या आधी लोक म्हणायचे की जगातल्या दहा-बारा महानद्या सांभाळल्या की झालं, या अभ्यासात निघालं की नद्यांतून समुद्रात जाणारं ८० टक्के प्लास्टिक १००० पेक्षा जास्त नद्यांमधून येतं आणि शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे नासर्डीसारख्या नदीला पण सूट नाही.

राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला बॅरेज आहे, तिथून नदी फाटते, एक फाटा गौतमी आणि एक वसिष्ठ. गौतमीच्या बाजूला कोरिंगाची खारफुटी आहे, वसिष्ठ अंतर्वेदीला समुद्राला मिळते. ज्या गौतम ऋषींनी ब्रह्मगिरीवर नदी आणली असं आपण मानतो त्यांचंच नाव तिथल्या फाट्याला आहे, इतकं हे नातं जुनं आहे, आणि तिथला मासेमारी करणारा माणूस जाळं ओढतो तेव्हा त्यात काय येतं याच्याशी आपला संबंध आहे हे मानायला आपल्याला जड का जावं? बंगालच्या उपसागरात गेलेलं तरंगतं प्लास्टिक मग आपलं-तुपलं राहत नाही, प्रवाह नेईल तिकडे, श्रीलंकेला, बांगलादेशाला, म्यानमारला.

पाण्यासाठी मात्र आपण किती बारीक हिशोब करतो बघा. जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की दरवर्षी नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा सुरू होतं, टीएमसीचा (अब्ज घनफुटाचा) दशांश भांडून घेतो. राज्याराज्यांत वाटपासाठी बच्छावत लवाद बसला, १९८० ला निवाडा आला. नांदेड जिल्ह्यात तेलंगणाच्या हद्दीजवळच्या बाभळी बंधाऱ्याचा वाद सुप्रीम कोर्टात गेला, २०१३ ला निकाल लागला आणि तेव्हापासून दरवर्षी १ जुलैला बाभळीची दारं उघडतात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडी राहतात, दारं उघडताना महाराष्ट्राचे, तेलंगणाचे आणि केंद्रीय जल आयोगाचे अधिकारी समोर हजर असतात. एवढी चांगली व्यवस्था तयार आहे! एकमेकांविरुद्ध कोर्टात गेलेली राज्यं तारीख ठरवून एका ठिकाणी उभी राहतात. माझं म्हणणं एवढंच की त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, त्याच अधिकाऱ्यांनी बंधाऱ्याला अडकलेलं प्लास्टिक पण मोजावं, किती किलो, कसलं, कोणत्या कंपनीचं, आणि तो आकडा दोन्ही राज्यांनी सही करून जाहीर करावा. पाणी किती गेलं याची नोंद ठेवता तशी त्या पाण्यातून काय गेलं याची ठेवा. भांडण कमी होईल का माहीत नाही पण निदान आकडा एकच असेल, नाहीतर वरचा म्हणतो खालच्याचा कचरा आणि खालचा म्हणतो वरून आला.

असं बाहेर झालेलं आहे. युरोपात तिसा नावाची नदी युक्रेनमध्ये उगम पावते आणि पुढे हंगेरीत जाते, पूर आला की बाटल्यांचे तांडे वरून हंगेरीत यायचे. तिथल्या लोकांनी २०१३ पासून एक स्पर्धा सुरू केली, वाहून आलेल्या बाटल्यांच्याच नावा बांधायच्या आणि त्या नावांतून नदी साफ करायची. पण खाली कितीही काढलं तरी वरून येतंच कारण वरच्या डोंगरातल्या गावांत कचरा न्यायला गाडीच नीट नाही, मग पलीकडच्या गावांबरोबर काम करण्याशिवाय इलाज राहत नाही. र्‍हाईन नदीचं उदाहरण प्लास्टिकचं नाही, केमिकलचं आहे, तरी सांगतो. १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ एका गोदामाला आग लागली, विषारी पाणी नदीत गेलं, खाली जर्मनीपर्यंत मासे मेले. त्या देशांचा र्‍हाईनसाठी एकत्र आयोग १९५० पासून होताच, या आगीनंतर त्यांनी पुढच्याच वर्षी एकत्र कार्यक्रम ठरवला आणि काही वर्षांत साल्मन मासा नदीत परत आणला. ज्यांच्यातल्या काहींनी एकमेकांशी दोन महायुद्धं केली ते देश हे करू शकले.

जगाच्या पातळीवर मात्र सध्या गाडी अडकली आहे. मार्च २०२२ ला नैरोबीत सगळ्या देशांनी प्लास्टिकचा करार करायचं ठरवलं, मग २०२४ च्या शेवटी बुसानला जमलं नाही, ऑगस्ट २०२५ ला जिनिव्हात पण जमलं नाही, प्लास्टिक बनवणंच कमी करायचं की नुसता कचरा आवरायचा यावरच अडलं. मला वाटतं की मोठ्या कराराची वाट बघत बसण्यापेक्षा नदी-नदीचे करार लवकर होतील. भारत-बांगलादेशचा गंगा पाणीवाटपाचा ३० वर्षांचा करार १९९६ चा आहे, त्याची मुदत डिसेंबर २०२६ ला संपते, नवीन करताना त्यात पाण्याबरोबर प्लास्टिकचं कलम टाकायला काय हरकत आहे? आणि दिल्लीने ढाक्याला हे सांगायचं असेल तर आधी नाशिक आणि राजमहेंद्रीने करून दाखवलं तर बोलायला जोर येईल.

करायचं काय ते फार अवघड नाही. केदारनाथला पाण्याच्या बाटलीवर १० रुपये डिपॉझिट घेतात, क्यूआर कोड असतो, रिकामी परत दिली की पैसे परत. तमिळनाडूत निलगिरीत दारूच्या बाटल्यांना असंच केलंय. तीच पद्धत सिंहस्थाला आणि पुष्करला एकत्र चालवा, एकच क्यूआर, म्हणजे त्र्यंबकला घेतलेली बाटली भद्राचलमला दिली तरी १० रुपये मिळायला हवेत. रामकुंडावर तीर्थ भरून न्यायला जे प्लास्टिकचे कॅन विकतात त्यांना पण तेच लावा. टाकलेली बाटली मग जमिनीवर राहणारच नाही, ज्याला गरज आहे तो उचलेल. आणि शहर संपतं तिथे, दसक किंवा ओढा गावाच्या आसपास, नदीवर आडवा तरंगता अडथळा लावून जे येईल ते रोज काढा आणि वजन करा. मालेगावात प्लास्टिकची गिट्टी (पुन्हा वापरायचे दाणे) करणारे कारखाने आपल्याच जिल्ह्यात आहेत, धुतलेला माल घ्यायला ते तयार होतील, मल्चिंग पेपर धुण्याची सोय तेवढी कोणीतरी तालुक्याला करून दिली पाहिजे.

एक गोष्ट राहिली. आपला जिल्हा दोन्ही समुद्रांना पाणी देतो. गोदावरी पूर्वेला जाते पण दमणगंगा आणि पार आपल्याच जिल्ह्यात उगम पावून गुजरातमधून अरबी समुद्राला मिळतात, आणि गिरणा कळवण-मालेगाव करत तापीला मिळते म्हणजे शेवटी सुरत. तेव्हा गुजरातशी पण हेच बोलणं करावं लागेल.

तुमच्या पेपरला एक विनंती आहे. येत्या १ जुलैला बाभळीची दारं उघडतील तेव्हा तुमच्या नांदेडच्या बातमीदाराला तिथे पाठवा आणि पाणी किती सोडलं हे विचारून झालं की दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना प्लास्टिकचं विचारा, त्यांनी जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं नाशिकच्या आवृत्तीत पहिल्या पानावर छापा.

आपला,
एक नियमित वाचक
पंचवटी, नाशिक