अम्या, ती जीन टेस्ट राहू दे

अम्या,

तुझा मेसेज ऐकला, आवाजावरूनच कळलं की तू टरकलायस. आधी काकांना लकवा, आता अण्णांना, म्हणजे पुढचा नंबर माझा, म्हणून ती ऑनलाइन जीन टेस्ट मागवू का, असं विचारतोस ना? नको मागवू. इथे नाशिकरोडला लकव्याच्या पेशंटना चालतं करायचंच काम करतो ना मी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका जीनमुळे येणारा स्ट्रोक, म्हणजे ज्याने लकवा होतो तो मेंदूचा झटका, असतो, नाही असं नाही. कॅडासिल म्हणून आजार आहे, नॉच३ जीनमधला बिघाड, 1996 ला सापडला, आईवडिलांपैकी एकाला असला तर पोराला यायचा चान्स निम्मा. पण त्यात घरात अर्धशिशी, कमी वयातले स्ट्रोक, हळूहळू विसरायला होणं असं सगळं दिसत असतं. दुसरं सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार, ते आपल्या सुरगाणा-पेठकडच्या आदिवासी पाड्यांवर आहे, त्यात लहान पोरांनाही स्ट्रोक येतो, तिथे तपासणी हवीच. अण्णांना आला तो अडुसष्टाव्या वर्षी आणि तोही "आता बरं वाटतंय" म्हणत बीपीची गोळी सोडल्यावर! ह्यात नॉच३ कुठून आणतोस?

आपल्यासारख्यांच्यात एक जीन नसतोच रे. 2022 ला गिगास्ट्रोक नावाचा मोठा अभ्यास आला, 1 लाख 10 हजारांवर स्ट्रोकचे पेशंट, त्यात डीएनएवरच्या 89 जागा सापडल्या, एकेकीचा परिणाम एवढुसा, आणि त्यातल्या बऱ्याच बीपीतून नाहीतर हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांतून काम करतात. ब्रिटनमध्ये तीन लाख लोकांवर बघितलं होतं, 2018 ला छापून आलं, जीन वाईट असलेल्यांना धोका 35 टक्के जास्त आणि सिगरेट, वजन, खाणं, बसून राहणं हे सगळं बिघडलेल्यांना 66 टक्के जास्त. तू सिगरेट ओढत ओढत टेस्टचे पैसे भरणार, वा!

बरं होण्यातही जीन आहेत म्हणा. सीसीआर५ म्हणून एक आहे, त्यातला एक तुकडा जन्मतःच गळलेला असला तर स्ट्रोकनंतर सुधारणा जास्त दिसते असं 2019 मध्ये आलं, पण तो बदल मुख्यतः युरोपातल्या लोकांत, आपल्याकडे क्वचितच. माझ्याकडे सिडकोतल्या एक काकू येतात, उजवा हात पार लुळा होता, आता वाटीतलं द्राक्ष अंगठा आणि बोटात धरून दुसऱ्या वाटीत टाकतात, आधी फुटायचंच, रस कोपरापर्यंत, आणि त्या चिडून ते फुटलेलं खाऊन टाकायच्या. त्यांचे जीन कसले आहेत कोणाला माहीत, सून रोज समोर बसते एवढं मला दिसतं. अण्णांसमोर कोण बसतं ते सांग.

एक टेस्ट मात्र कामाची असू शकते, पण ती तुझी नाही, अण्णांची. क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून द्यायची गोळी लिव्हरमध्ये गेल्यावर चालू होते, आणि ते करणारा सीवायपी२सी१९ हा जीन आपल्याकडे बऱ्याच जणांत मंद असतो. अशा पेशंटवर चीनमध्ये 2021 ला ट्रायल झाली, त्यांना टिकाग्रेलॉर ही त्याच कामाची दुसरी गोळी दिल्यावर पुन्हा स्ट्रोक यायचं प्रमाण 7.6 वरून 6 टक्क्यांवर आलं. अण्णांना क्लोपिडोग्रेलच चालू असेल तर न्यूरोवाल्या डॉक्टरांना विचार, गोळी स्वतःच्या डोक्याने बदलू नको हां.

अण्णांच्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो पाठव, आणि आजच तुझं बीपी मोजून आकडा कळव.

तुझा,
मन्या