वाळलेलं गवत तपासाल, तेव्हा हिरवंही तपासा

मा. वन व पर्यावरण मंत्री, गुजरात राज्य, गांधीनगर
यांस सविनय नमस्कार.

मंत्रीसाहेब, मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. 31 वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. मही नदीच्या मुखाजवळ कावी-कंबोईला आम्ही स्तंभेश्वराच्या दर्शनाला जातो ते ओहोटीची वेळ बघून, कारण भरतीला देऊळ पाण्याखाली जातं. मी मात्र देवाआधी चिखलातलं खारं गवत बघते. मागच्या दोन खेपांना त्यात तपकिरी पट्टे दिसले. एका कार्यालयात विचारलं, तर उत्तर आलं, "फूग लागी हशे, बेन." म्हणजे बुरशी लागली असेल.

बुरशी असणारच. ती हिरव्यागार गवतातही असते.

अमेरिकेत 2000 च्या सुमारास किनाऱ्यावरचं स्पार्टिना गवत मोठ्या पट्ट्यांत वाळलं, तेव्हा फ्युजेरियम बुरशीवर संशय आला. तिची एक जात नवीनच निघाली. 2011 मध्ये तिचं फ्युजेरियम पॅलस्ट्रे असं बारसं झालं. पण फ्युजेरियम धडधाकट रोपांतही सापडते. तिथली एक गोगलगाय तर पान खरवडते, जखमेत बुरशी वाढू देते आणि तीच खाते. 2003 मध्ये हे प्रसिद्ध झालं. मी वर्गात अख्खा तास त्यावर घालवला, पोर्शन मागे पडला! एरवी गवत हे सगळं सोसतं. दुष्काळात माती खारवली की मात्र तीच बुरशी आणि तीच गोगलगाय त्याला भारी पडते.

आपल्या महीचं गोडं पाणी वर कडाणा, वणाकबोरीच्या धरण-बंधाऱ्यांत अडतं. बडोद्याच्या कारखान्यांचं सांडपाणी सारोदजवळ खाडीत जातं. यातलं काय त्या गवताला बाधलं, की काहीच नाही, हे तपासल्याशिवाय कसं कळणार?

म्हणून मागणी अशी: एकाच दिवशी, एकाच खाडीतून हिरव्या आणि तपकिरी, दोन्ही गवतांची पानं-मुळं घ्या. पान वरून निर्जंतुक करून आतली बुरशी वेगळी वाढवा. सोबत मातीचा खारेपणा आणि जड धातू मोजा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग इथेच आहे, त्यांना सांगा. अहवाल येईपर्यंत औषध फवारू नका, वाळलेली पानं उपटू नका. ती कुजवून खाडीतल्या जीवांचं अन्न करते तीही बुरशीच. आणि तो पट्टा "रिकामी जागा" म्हणून तिवरांच्या लागवडीत घालू नका.

नमुने गोळा करायला मी गमबूट घालून येईन. ओहोटीची वेळ तेवढी आदल्या दिवशी कळवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, बडोदे