नियम पाठ होता, जिना चुकला

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

बांधकाम नियमावली संगणकावरच्या हलत्या चित्रांनी शिकवली तर आर्किटेक्चरची मुलं आळशी होतील, कलमं वाचणार नाहीत, हे कालच्या अंकातलं प्राध्यापक महोदयांचं मत वाचून राहवलं नाही. त्यांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण साइटवर काय होतं ते मी सांगते.

सांगलीत तीस वर्षं वास्तुविशारद म्हणून काम करते. माझ्याकडे इंटर्नशिपला आलेल्या मुलीला नियमावलीच्या पेपरात उत्तम गुण होते. जिन्याच्या लँडिंगखालून (पायऱ्यांमधल्या सपाट टप्प्याखालून) जाण्यायेण्याची वाट असेल तर डोक्यावर 2.2 मीटर मोकळी उंची हवी, हे तिला तोंडपाठ. पार्किंगमधून मीटर रूमकडे जाणारी वाट तिने तशीच लँडिंगखालून काढली. मीही प्लॅन वरवर पाहिला, ही माझी चूक. सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लागलं, दोन दिवसांत स्लॅब भरायचा होता आणि मिस्त्री म्हणाला, "मॅडम, हितं डोकं आपटतंय." टेप लावली. 1.92 मीटर. वर फरशीचे पाच सेंटिमीटर अजून जायचेच होते.

मुलगी रडवेली झाली. "2.2 पाठ होतं मॅडम, पण मी स्लॅबपर्यंत मोजलं." बीम (स्लॅबला आधार देणारी तुळई) त्याच्याही खाली उतरतो, तो प्लॅनमध्ये तिला दिसलाच नव्हता. सेंट्रिंग उतरवलं, आठवडा गेला, मालकाची बोलणी खाल्ली.

त्या संध्याकाळी तोच जिना थ्रीडीमध्ये उघडून दिला. उभा छेद घे, बीम वरखाली कर, माप बघ. दहा मिनिटांत कळलं. मग इमारतीची उंची वाढवायला लावली. 20 मीटरला बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपर्यंत सोडायची मोकळी जागा, 4 मीटर, 25 ला 5. उंचीचा एक-पंचमांश म्हणजे काय, हे प्लॉटवरची बांधायची जागा आक्रसताना तिने डोळ्यांनी पाहिलं, आणि आपणहून नियमावली उघडून ते कलम पुन्हा वाचलं. वाचन सुटतं कुठे?

प्राध्यापक महोदय, 'थोडक्यात टिपा लिहा' विचारून जिना तपासता येत नाही.

आणखी एक. तिच्या कॉलेजच्या नोट्स पाहिल्या तर जुन्या शहरनिहाय नियमांच्या झेरॉक्स निघाल्या. मुंबई आणि काही अपवाद सोडून राज्याला एकत्रित नियमावली डिसेंबर 2020 मध्येच लागू झाली, त्यानंतर दुरुस्त्याही झाल्या. निदान त्या झेरॉक्स तरी या सत्रात बदला.

आपली,
एक वास्तुविशारद, सांगली